पांजे स्थानक परत द्या : पश्चिम रेल्वे आणि मुंबई रेल्वे विकास महामंडळास खुले पत्र

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, पश्चिम रेल्वे, चर्चगेट, मुंबई
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, मुंबई रेल्वे विकास महामंडळ, चर्चगेट, मुंबई

विषय : भाईंदर आणि नायगाव यांच्या दरम्यान पूर्वी असलेले पांजे स्थानक पाचव्या-सहाव्या मार्गिकेच्या कामात मर्यादित थांबा म्हणून पुन्हा सुरू करण्याबाबत.

महोदय,

विरार लोकल भाईंदर सोडून खाडीच्या पुलावर चढली की डब्यात ‘पुढील स्टेशन नायगाव’ अशी घोषणा होते. ती ऐकू येते तेव्हा खिडकीबाहेर पाणी असते, मग पूल संपून थोडा वेळ जमीन लागते, तिवरांची दाट झाडी दिसते, झाडीपलीकडे काही घरांची छपरे दिसतात आणि पुन्हा दुसरा पूल सुरू होतो. मी वसई ते चर्चगेट हा प्रवास गेली अनेक वर्षे पासावर करतो आहे, आणि त्यातली बरीच वर्षे ही मधली जमीन म्हणजे दोन पुलांना जोडणारा निव्वळ भराव आहे, अशीच माझी समजूत होती. तेथे पाणजू नावाचे गाव आहे, त्या गावाला ग्रामपंचायत आहे, आणि एके काळी याच जमिनीवर आपल्या रेल्वेचे स्थानक होते, हे मला फार उशिरा कळले. या पत्राचा विषय ते स्थानक आहे.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, म्हणजे आपल्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीने, आपला मार्ग गुजरातेकडून मुंबईकडे बांधत आणला. वसईची खाडी ओलांडून तो २८ नोव्हेंबर १८६४ रोजी ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरार ते मुंबई बॅकबे अशी गाडी सुरू झाली. तिलाच आपण पश्चिम मार्गावरची पहिली उपनगरी गाडी मानतो. दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक : सकाळी पावणेसातला विरारहून निघायचे आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परतायचे. आज चौदाशेच्या आसपास फेऱ्या चालवणाऱ्या आपल्या उपनगरी सेवेचा उगम या एका गाडीत आहे, आणि त्या उगमाचा अभिमान आपण वेळोवेळी व्यक्तही करता.

त्या गाडीच्या थांब्यांची यादी मात्र सावकाश वाचण्यासारखी आहे. विरारनंतर नीला, बसीन, पांजे, बोरीवला, पहाडी, अंदारू, सांताक्रूझ, बांदोरा, माहीम, दादुरू, ग्रँट रोड असे थांबे घेत गाडी बॅकबेला जाई. इंग्रज कारकुनाच्या कानाला गावांची नावे जशी ऐकू आली तशी ती लिहिली गेली असावीत, पण ओळखायला अडचण पडत नाही. बसीन म्हणजे वसई, अंदारू म्हणजे अंधेरी आणि बांदोरा म्हणजे वांद्रे. पहाडी हे गोरेगावातले जुने गाव. नीला म्हणजे आजचे नालासोपारा. त्या नावात मला तरी निळेमोरे गाव ऐकू येते. दीडशेहून अधिक वर्षांत यांतल्या स्थानकांनी फलाट वाढवले, पादचारी पूल आणि सरकते जिने मिळवले, काहींनी नावेही सुधारली किंवा बदलली. अपवाद एकट्या पांजेचा आहे. वसई आणि बोरिवली यांच्या मध्ये, खाडीच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात असलेले पांजे म्हणजेच आजचे पाणजू. (उरणजवळ पाणजे नावाची प्रसिद्ध पाणथळ जागा आहे, तिच्याशी याची गल्लत होऊ नये.) त्या यादीत दहिसर नाही, मीरा रोड नाही, भाईंदर नाही आणि नायगावही नाही. भाईंदरला गाडी थांबत नव्हती तेव्हा ती पाणजूला थांबत होती, हे आज भाईंदरच्या फलाटावरच्या गर्दीत उभे राहून सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही.

स्थानक बंद करणे हे रेल्वेच्या दृष्टीने नेहमीचे काम आहे, हे मला मान्य आहे. कुलाब्यासारखे मोठे टर्मिनस, जिथून ५ जानेवारी १९२८ रोजी बोरिवलीपर्यंत पश्चिम मार्गावरची पहिली विजेवरची लोकल धावली, ते अवघ्या तीन वर्षांत, ३१ डिसेंबर १९३० रोजी बंद झाले आणि पश्चिम मार्ग चर्चगेटला संपू लागला. परंतु कुलाब्याच्या बंद स्थानकाविषयी आजही हौसेने लिहिले-बोलले जाते, त्याची जुनी छायाचित्रे फिरतात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत गेल्यावर त्या परिसराला रूळ परतही मिळाले. पांजे स्थानकाची साधी पाटीसुद्धा कोठे नाही. कुलाब्याच्या वाट्याला जी हळहळ आली ती पाणजूच्या वाट्याला आली नाही, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. मासेमारी, शेती आणि मिठागरांवर जगलेल्या गावाची छायाचित्रे काढायला त्या काळी कोण जाणार होते? तरीही फरक एवढा आहे की कुलाब्याचे स्थानक गेले तेव्हा लोकांना चर्चगेटपर्यंत चालत जाता येत होते. पाणजूकरांच्या चारही बाजूंना पाणी आहे.

आजची स्थिती आपल्या अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार, कारण ती त्यांच्याच पुलांवर रोज घडते. शाळा-कॉलेज, नोकरी, दवाखाना, बाजार यांसाठी पाणजूच्या माणसाला नायगाव किंवा भाईंदर गाठावे लागते, आणि त्यासाठी त्याच्यापुढे दोनच मार्ग आहेत. पहिला होडीचा. होडी भरती-ओहोटीच्या तंत्राने चालते, रात्री उशिरा मिळत नाही आणि पावसाळ्यात वाऱ्यापावसाच्या मर्जीवर असते. दुसरा मार्ग रेल्वेच्या पुलाचा. रुळांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी पुलाच्या कडेने जी अरुंद वाट ठेवलेली असते तिच्यावरून, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला हाताच्या अंतरावरून जाणारी लोकल अशा स्थितीत, माणसे नायगावकडे चालत जातात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा आहे. कायद्याचे म्हणणे चूक नाही, परंतु ज्या गावाच्या जमिनीवरून रूळ नेले आणि पुढे ज्याचा थांबा काढून घेतला, त्याच गावाच्या माणसाला त्याच रुळांवर अतिक्रमण करणारा ठरवणे हे ऐकायला विचित्र वाटते, एवढे तरी आपण मान्य कराल.

या वाटेवर धोका केवळ गाडीचा नाही, तो गाडीत बसलेल्या आमच्यासारख्यांचाही आहे. भाईंदरची खाडी आली की डब्यातल्या पिशव्या उघडतात आणि गणपती-नवरात्रातले हार, पूजेची फुले, सुपाऱ्या, नारळ धावत्या गाडीतून पाण्याच्या दिशेने भिरकावले जातात. यातले सगळे पाण्यात पडत नाही. पुलाच्या कडेने चालणाऱ्यांना या माऱ्याने जखमा झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या, आणि २०२५ च्या सप्टेंबरात लोकलमधून फेकलेला नारळ लागून कामाला निघालेल्या पाणजूच्या एका रहिवाशाचा जीव गेला. येथे मला एक कबुली द्यायची आहे. लहानपणी आईने दिलेली निर्माल्याची पिशवी मीही याच पुलावरून भक्तिभावाने खाडीत सोडलेली आहे, आणि ती खाली कोणाच्या अंगावर पडली का हे पाहायला मी दारातून वाकलो नव्हतो. खाली माणूस असू शकतो हेच डोक्यात नव्हते, कारण ज्या जागी गाडी थांबत नाही त्या जागी माणसे राहतात असे लोकलच्या प्रवाशाला वाटतच नाही. उद्घोषणा करून, फलक लावून आणि दंड करून या फेकाफेकीला काही आळा बसेल आणि तो बसवलाच पाहिजे, परंतु माणसांना त्या वाटेवर चालावे लागणे हे मूळ दुखणे त्याने जात नाही.

हे पत्र आत्ताच लिहिण्याचे कारण बोरिवली ते विरार पाचवी-सहावी मार्गिका हे आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यातील हे काम २६ किलोमीटर लांबीचे आणि सुमारे २,१८४ कोटी रुपयांचे असून, लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट देऊन लोकलसाठी जागा मोकळी करणे हा त्याचा हेतू आहे. या मार्गिकांसाठी वसईच्या खाडीवर, पुल क्रमांक ७३ आणि ७५ यांच्या शेजारी नवे पूल येणार आणि दोन्ही पुलांच्या मधल्या जमिनीवर, म्हणजे नेमके पाणजूवर, नवा भराव पडणार. १८६४ नंतर या बेटावर रेल्वेने जी काही बांधकामे केली त्यांत पाणजूचा विचार करून कोणी आराखडा काढल्याचे दिसत नाही. मार्गिका दोनांच्या चार झाल्या, १९३६ साली विरारपर्यंत वीज आली, जुन्या लोखंडी पुलांची जागा नव्या पुलांनी घेतली. गाव मात्र प्रत्येक वेळी आराखड्यात ‘दोन पुलांच्या मधला भाग’ एवढेच राहिले. आता चारांच्या सहा मार्गिका होत असताना हीच चूक पुन्हा झाली तर ती पुढच्या पन्नास वर्षांत दुरुस्त होणार नाही. त्याचे कारण अगदी साधे आहे. बारा डब्यांच्या लोकलला अडीचशे मीटरांहून लांब फलाट लागतो. रुळांच्या मध्ये फलाट घ्यायचा तर रूळ आधीपासून फाकवून आणावे लागतात, आणि कडेला घ्यायचा तर कडेची जागा राखून ठेवावी लागते. नवा भराव जुन्या रुळांना चिकटून एकदा पडला की मग फलाटासाठी जमीन शोधणे, रूळ सरकवणे, मेगाब्लॉक घेणे आणि पुन्हा तिवरे तोडण्याची परवानगी मागणे हे सगळे नव्याने करावे लागेल. आणि तेव्हा हा खर्च परवडत नाही असे जे उत्तर मिळेल ते खरेही असेल. आज कागदावर रेघ हलवायची आहे. त्यासाठी काँक्रीट फोडावे लागणार नाही.

आपल्या बाजूने कोणते आक्षेप येतील याची मला कल्पना आहे, आणि त्यातले काही वजनदार आहेत.

लोकसंख्या कमी आहे, हा पहिला. गर्दीच्या वेळच्या एका लोकलमध्ये सगळे गाव मावून जागा उरेल एवढीच पाणजूची वस्ती आहे, त्यामुळे तिकिटांच्या उत्पन्नावर हे स्थानक कधीही फायद्यात येणार नाही. मी ते आपल्याकडे फायद्यासाठी मागतच नाही. गावाला पर्यायी रस्ता असता तर हा आक्षेप मी निमूटपणे मान्य केला असता. भाईंदर–नायगाव खाडीवरच्या रस्तेपुलाची चर्चा कित्येक वर्षे चालू आहे. तो झाला तर उत्तमच, परंतु तो होईपर्यंत थांबा म्हणणे म्हणजे पाचव्या-सहाव्या मार्गिकेची संधी निघून जाऊ देणे होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या भाईंदर–वसई रो-रो सेवेचाही दाखला कोणी देईल, मात्र ती वाहने घेऊन एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणाऱ्यांची सोय आहे आणि पाणजूच्या कॉलेजकुमाराला तिचा काडीचा उपयोग नाही.

वेळेचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो माझ्या स्वतःच्या आणि माझ्यासारख्या लाखो प्रवाशांच्या पोटावर येतो. गाडीचा वेग उतरवणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे यात दीड-दोन मिनिटे जातात, आणि सकाळी विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाला ती दोन मिनिटे कोणत्या तोंडाने मागायची? म्हणूनच मी प्रत्येक लोकलचा थांबा मागत नाही. सकाळी दोन-तीन, दुपारी एक-दोन आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत तीन-चार अशा, दोन्ही दिशांच्या ठरावीक धीम्या गाड्या पाणजूला थांबल्या तरी गावाचे आयुष्य बदलेल आणि बाकीच्या शेकडो फेऱ्यांना त्याची झळही लागणार नाही. भाईंदर ते नायगाव हे सुमारे साडेचार किलोमीटरांचे अंतर चर्चगेट–विरार पट्ट्यातील दोन स्थानकांमधल्या सर्वांत लांब अंतरांपैकी एक आहे, तेव्हा दोन स्थानके फारच जवळ येतात ही तक्रार येथे लागू होत नाही. धावत्या मार्गावर नवे स्थानक घालणे आपल्याला अपरिचितही नाही. जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये राममंदिर स्थानक आपण डिसेंबर २०१६ मध्ये सुरू केले, आणि तेथे दोन्ही बाजूंची स्थानके पाणजूच्या तुलनेत हाकेच्या अंतरावर होती.

सर्वांत अवघड प्रश्न मला स्वतःलाच पडलेला आहे आणि तो रेल्वेच्या अखत्यारीबाहेरचा आहे. मुंबईच्या परिसरात जेथे स्थानक होते तेथे इमारती येतात. नालासोपारा, विरार आणि नायगाव पूर्व यांचे काय झाले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाणजूवर स्थानक आले की जमिनीचे दलाल होडीची वाट न पाहता लोकलने येतील, तिवरांवर राडारोडा पडू लागेल आणि ज्यांच्यासाठी स्थानक मागितले तेच लोक दहा वर्षांनी तेथून हुसकले गेलेले असतील, ही भीती काल्पनिक नाही. त्यामुळे थांब्याची मागणी करताना माझे असेही म्हणणे आहे की राज्य शासनाने बेटावरील सागरी किनारा नियमन क्षेत्राचे आणि खारफुटीचे संरक्षण थांबा सुरू होण्याआधी पक्के करावे आणि गावठाणाबाहेर बांधकामाला परवानगी देऊ नये. मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९ टक्के आहे. रूळ आणि जमीन यांचा विचार एका टेबलावर व्हावा यासाठीच तर १९९९ साली अशी संयुक्त कंपनी स्थापन केली गेली असावी, आणि पाणजूइतके या रचनेला साजेसे प्रकरण मला दुसरे दिसत नाही. थांबा नको म्हणणारे काही जण गावातही असतील, आणि त्यांची भीती हीच असेल. त्यांचे म्हणणे ग्रामसभेत ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेव्हा आपणांकडे मागणे असे आहे. पाचव्या-सहाव्या मार्गिकेचा पाणजूवरील आराखडा अंतिम करण्यापूर्वी तेथे लोकलच्या मार्गिकांलगत थांब्यापुरती जागा राखता येते का याची तांत्रिक तपासणी करावी आणि तिचा अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा. थांब्याला मोठी इमारत नको, वाहनतळ नको, दुकाने तर मुळीच नकोत. दोन फलाट, छप्पर, दिवे, रूळ ओलांडण्यासाठी पादचारी पूल आणि तिकीट देणारा एक हाल्ट एजंट एवढे पुरे, आणि हल्ली मोबाइलवर तिकीट निघत असल्याने तेही काम हलके झाले आहे. तपासणीअंती थांबा शक्यच नाही असे निघाले, तर निदान नव्या पुलांच्या एका कडेला रुळांपासून जाळीने वेगळी केलेली, वरून झाकलेली, नायगावपर्यंत जाणारी पादचारी वाट पुलाच्या मूळ आराखड्यातच घ्यावी; ती नंतर जोडू म्हटले तर जोडली जाणार नाही, हे आपले अभियंते माझ्यापेक्षा चांगले जाणतात. आणि नवे पूल होईपर्यंतच्या काळासाठी, सध्याच्या पुलांवर बाहेरच्या अंगाला संरक्षक जाळी बसवण्याचे आणि उत्सवाच्या दिवसांत गाडी भाईंदर व नायगाव सोडताना डब्यांत सूचना देण्याचे काम या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे. या शेवटच्या कामाला कोणत्याही मंत्रिमंडळाच्या मंजुरीची गरज नाही.

आणखी एक लहान विनंती आहे आणि तिला जवळजवळ काहीच खर्च नाही. पांजे स्थानक कोणत्या वर्षी आणि कोणते कारण देऊन वेळापत्रकातून वगळले, याचे कागद आपल्याच दप्तरात असणार. पश्चिम रेल्वे आपल्या वारशाच्या वस्तू आणि छायाचित्रे जपते, प्रदर्शने भरवते. त्याच आस्थेने ही एक फाइल शोधून काढावी आणि तिची प्रत पाणजू ग्रामपंचायतीला द्यावी. आपल्या गावाचे स्थानक का गेले हे गावाला रेल्वेकडूनच कळले पाहिजे.

या पत्राचे उत्तर आपण मला न पाठवता, कृपया छापून नायगावच्या होडीच्या धक्क्यावर लावावे. संध्याकाळची होडी भरेपर्यंत तेथे बराच वेळ थांबावे लागते, आणि ज्यांना ते उत्तर हवे आहे ती सगळी माणसे तेवढ्या वेळात ते वाचू शकतील.

आपला विश्वासू,
वसईचा एक पासधारक प्रवासी